किती, कुठे, कोणत्या लोडखाली? सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या अटींवर वाचकांचे प्रश्न

सॉफ्टवेअरनं काय करायचं याची यादी पानंच्या पानं असते. ते किती वेगानं, किती भरवशानं आणि किती सुरक्षितपणे करायचं, याला मात्र शेवटी दोन ओळी मिळतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं त्या दोन ओळींबद्दल आहेत. ऑफिसात ज्यांना एनएफआर किंवा नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट म्हणतात, त्यांना इथे आम्ही गुणवत्तेच्या अटी म्हटलं आहे.

प्रश्न : मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे आणि गोदामाच्या सॉफ्टवेअरसाठी एसआरएस, म्हणजे गरजांचा दस्तऐवज, लिहिते आहे. क्लायंटच्या टिपणात 'ऑर्डर शोधण्याची स्क्रीन फास्ट असावी' एवढंच होतं. टीम लीडनं ते 'रिस्पॉन्स टाइम २ सेकंद' असं करून दिलं. एवढं पुरेल का?

उत्तर : नाही. आकडा आला, अट अजून यायची आहे. हे वाक्य टेस्टरच्या हातात पडलं की तो लगेच विचारेल : दोन सेकंद कुठून मोजायचे, बटण दाबल्यापासून की विनंती सर्व्हरला पोचल्यापासून? टेबलमध्ये नोंदी किती? शोधणारा एकटाच आहे की दीडशे जण आहेत? आणि एखाद्या वेळी २.१ सेकंद लागले तर फेल धरायचं का? या चार प्रश्नांची उत्तरं तुम्ही दिली नाहीत, तर डेव्हलपर आपल्या लॅपटॉपवर, दहा हजार नोंदींवर, एकट्यानं बसून ती देईल. त्याच्याकडे स्क्रीन खरोखरच फास्ट असेल.

कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटनं रुळवलेली सहा भागांची मांडणी अशा वेळी हाताशी ठेवावी : सुरुवात कोणी केली, त्यानं काय केलं, सिस्टीमच्या कोणत्या भागावर, त्या वेळी परिस्थिती काय होती, सिस्टीमनं काय करायचं, आणि ते झालं हे कशानं मोजायचं. तुमची अट त्यात बसवली तर साधारण अशी होईल :

'गोदामातला कर्मचारी हँडहेल्डवरून ऑर्डर नंबरचे सुरुवातीचे किमान ६ अंक टाकून शोध घेतो. ऑर्डर टेबलमध्ये २ कोटी नोंदी आहेत, १५० जण लॉग इन आहेत आणि सगळे मिळून सेकंदाला १० शोध येत आहेत. शोधाचं बटण दाबल्यापासून यादीची पहिली ओळ स्क्रीनवर दिसेपर्यंत, दर १०० पैकी ९५ शोधांना २ सेकंदांपेक्षा आणि ९९ शोधांना ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. मोजमाप गोदामाच्या वायफायवर, सलग ३० मिनिटांच्या लोडखाली, सुरुवातीची ५ मिनिटं सोडून.'

लांबलचक वाटेल, पण यातला शब्दन् शब्द कामाचा आहे. 'सुरुवातीचे' हाच शब्द घ्या. शोध नंबरच्या सुरुवातीपासून असेल तर डेटाबेसचा साधा इंडेक्स, म्हणजे क्रमानं लावलेली सूची, वापरता येतो. मधल्या कुठल्याही अंकांवरून शोधायचं म्हटलं की तो इंडेक्स निरुपयोगी होतो आणि दोन कोटी नोंदी एकेक करून तपासाव्या लागतात. तो एक शब्द गाळला तर आर्किटेक्चर बदलतं. तसंच '२ कोटी'चं. दहा हजार नोंदींवर इंडेक्स असला काय आणि नसला काय, फरक डोळ्यांना दिसत नाही.

'१०० पैकी ९५' का लिहायचं, सरासरी का नाही, हेही एकदा मांडून पाहा. ९५ शोध ०.२ सेकंदात आले आणि ५ शोधांना ८ सेकंद लागले, तर सरासरी येते ०.५९ सेकंद. रिपोर्टमध्ये सगळं हिरवं, आणि गोदामात दर विसाव्या शोधाला माणूस हँडहेल्ड झटकत उभा.

मोजणाऱ्या टूलमध्येही एक खोट असते. दहा व्हर्च्युअल युजर, प्रत्येकाचं उत्तर आलं की त्याचा पुढचा शोध, अशी टेस्ट लावली आणि सर्व्हर १० सेकंद गोठला, तर टूलही त्या १० सेकंदांत गप्प बसतं. नोंद होते फक्त १० मंद शोधांची. प्रत्यक्षात सेकंदाला १० या वेगानं त्या काळात १०० शोध आले असते आणि त्यातल्या बहुतेकांना ताटकळावं लागलं असतं. म्हणून 'सेकंदाला १० शोध, आधीच्या उत्तराची वाट न पाहता' असं टेस्टच्या टिपणात लिहून ठेवा.

जाता जाता एक हिशेब करून घ्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ म्हणजे एका वेळी आत असलेल्यांची सरासरी संख्या. सेकंदाला १० शोध आणि प्रत्येकाला २ सेकंद, म्हणजे २० शोध एका वेळी सिस्टीममध्ये. डेटाबेसचा कनेक्शन पूल १० चा, म्हणजे एका वेळी १० च कनेक्शनं, असेल आणि प्रत्येक शोध पूर्ण २ सेकंद कनेक्शन धरून ठेवत असेल, तर सेकंदाला ५ च शोध बाहेर पडतील आणि रांग वाढतच जाईल. हे टेस्टच्या दिवशी कळण्यापेक्षा अट लिहितानाच कळलेलं बरं.

प्रश्न : पॅकिंग लाइनवर बारकोड वाचून खोकं योग्य फाट्यावर ढकलणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. त्याला '९५ टक्के वेळा ५०० मिलिसेकंदांत निर्णय' अशी अट आहे. वरच्यासारखीच टक्केवारी इथे चालेल ना?

उत्तर : इथे चालणार नाही. स्क्रीनवर उशीर झाला तर माणूस थांबतो, पट्टा थांबत नाही. मिनिटाला ४० खोकी जात असतील, तर ५ टक्के म्हणजे मिनिटाला २ खोकी आणि आठ तासांच्या शिफ्टला ९६० खोकी. एवढी चुकीच्या फाट्यावर गेली तरी तुमची अट पूर्णच झालेली असेल.

शिवाय ५०० हा आकडा कुठून आला? तो लाइनवरून काढता येतो, आणि तिथूनच काढावा. समजा पट्ट्याचा वेग सेकंदाला ०.५ मीटर आहे आणि स्कॅनरपासून पुशर ०.६ मीटरवर आहे. खोकं १,२०० मिलिसेकंदांत पुशरसमोर येतं. स्कॅनरला वाचायला १०० आणि पुशरचा दांडा बाहेर यायला ३०० लागतात. उरले ८००. पट्टा ५ टक्के जोरात धावला तरी यातले सुमारे ५७ मिलिसेकंद जातात. लाइन चालवणाऱ्या पीएलसी या छोट्या संगणकाचा स्कॅन सायकल, म्हणजे सिग्नल वाचून हुकूम देण्याचा एक फेरा, २० मिलिसेकंदांचा असेल तर सिग्नल एका सायकलभर अडकू शकतो, येताना एकदा आणि जाताना एकदा. चौथा हिस्सा राखीव ठेवला की सॉफ्टवेअरच्या वाट्याला ६०० येतात. हे ६०० कमाल आहेत, एकाही खोक्यानं ओलांडायचे नाहीत.

मग अटीचा दुसरा अर्धा भाग लिहायचा, जो बहुतेक ठिकाणी राहून जातो : ओलांडले तर काय? 'जर ६०० मिलिसेकंदांत निर्णय आला नाही, तर खोकं सरळ जाऊन तपासणीच्या फाट्यावर जाईल, उशिरा आलेला निर्णय रद्द होईल, आणि सलग ३ खोक्यांबाबत असं झालं तर लाइनवरचा लाल दिवा लागेल.' यातलं 'उशिरा आलेला निर्णय रद्द' हे कलम विसरू नका. ते नसेल तर एका खोक्याचा निर्णय पुढच्या खोक्याला लागू होतो, आणि तिथून पुढचं प्रत्येक खोकं एका घरानं चुकत जातं.

वेळ मोजायची ती एकाच घड्याळावर. सुरुवात पीएलसीच्या घड्याळात आणि शेवट पीसीच्या लॉगमध्ये, अशी वजाबाकी केली तर दोन घड्याळांतला फरकच तुम्ही मोजत बसाल.

प्रश्न : अटी मराठीत लिहिताना 'असावं', 'पाहिजे', 'होईल' यांत फरक करायचा का?

उत्तर : जरूर करा, आणि पहिल्या पानावर अर्थ लिहून ठेवा. बंधनकारक ते 'पाहिजे', शिफारस ते 'असावं', ऐच्छिक ते 'चालेल'. इंटरनेटच्या मानकांमध्ये १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजानं हेच काम केलं. वाक्याच्या साच्यासाठी रोल्स-रॉइसमध्ये तयार झालेली इअर्स ही पद्धत पाहा. तिचे साचे मराठीत आपसूक बसतात : जेव्हा–तेव्हा घटनेसाठी, जोपर्यंत–तोपर्यंत अवस्थेसाठी, जर–तर बिघाडासाठी, जिथे–तिथे ऐच्छिक सुविधेसाठी. एका वाक्यात एकच अट ठेवा. 'आणि तसेच' दिसलं की बहुतेक वेळा तिथे दोन अटी असतात.

प्रश्न : क्लायंटला 'पाच नऊ' म्हणजे ९९.९९९ टक्के उपलब्धता हवी आहे. सेल्सनं होकार दिला आहे. आता करारात नेमकं काय लिहायचं?

उत्तर : आधी टक्क्यांची मिनिटं करून सगळ्यांसमोर ठेवा. ३० दिवसांचा महिना म्हणजे ४३,२०० मिनिटं. ९९.९ टक्के म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं बंद चालेल. ९९.९९ म्हणजे ४ मिनिटं १९ सेकंद. ९९.९९९ म्हणजे फक्त २६ सेकंद. चार मिनिटांत ड्युटीवरचा माणूस मेसेज वाचून लॅपटॉपही उघडत नाही. म्हणजे ९९.९९ च्या पुढे दुरुस्ती माणसाच्या हातची राहत नाही. बिघाड ओळखून दुसऱ्या सर्व्हरवर जाणं सिस्टीमला आपोआप करावं लागतं, आणि ते सगळं आधी बांधून, पुन्हा पुन्हा तपासून ठेवावं लागतं. खर्च तिथे आहे. तो दिसला की 'पाच नऊ' नेमके कशासाठी हवे होते, याची चर्चा सुरू होते. बहुतेकदा ते एकाच कामासाठी हवे असतात, उदाहरणार्थ ऑर्डर स्वीकारण्यासाठी. मग रिपोर्टच्या स्क्रीनला ९९.५ देऊन भागतं.

नंतर साखळी तपासा. तुमची सिस्टीम लॉगिन, पेमेंट आणि डेटाबेस अशा तीन सेवांवर उभी असेल, तिन्ही चालू असल्याशिवाय काम होत नसेल, त्या एकमेकींपासून स्वतंत्रपणे बंद पडत असतील आणि प्रत्येकीची हमी ९९.९ असेल, तर तिघींची मिळून ९९.७ च होते. महिन्याला सुमारे १३० मिनिटं. तुमचा कोड निर्दोष असला तरी त्याहून वरची हमी देता येत नाही.

करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात. बंद म्हणजे काय : लॉगिन होतं पण ऑर्डर जात नाही, हे बंद धरायचं का? हिशेब महिन्याचा की वर्षाचा : ९९.९ वर्षावर मोजले तर एकाच दिवशी सलग पावणेनऊ तास बंद राहूनही अट पाळली जाते. ठरवून केलेला मेंटेनन्स यात धरायचा की नाही, आणि त्याची सूचना किती आधी. शेवटचं, मोजणार कोण आणि किती वेळानं. दर ५ मिनिटांनी तपासणाऱ्या मॉनिटरनं ४ मिनिटांचं बजेट मोजता येत नाही. चार मिनिटांचा बिघाड त्याच्या दोन तपासण्यांच्या मधून निसटून जातो.

आणि उपलब्धता एकटी लिहू नका. ५०० तासांतून एकदा अर्धा तास बंद पडणारी सिस्टीम आणि दर १० तासांनी ३६ सेकंद बंद पडणारी सिस्टीम, दोन्ही ९९.९ च येतात. रात्रभर चालणाऱ्या हिशेबाच्या बॅचला दुसरी जीवघेणी, कारण १२ तासांची बॅच तिथे क्वचितच पूर्ण होईल. काउंटरवरच्या माणसाला पहिली नकोशी. म्हणून दोन बिघाडांमधला किमान सरासरी काळ आणि दुरुस्तीचा कमाल काळ वेगवेगळे लिहा. सोबत किती वेळाचा डेटा गमावला तर चालेल तेही. बॅकअप दिवसातून एकदा असेल, तर त्याचं उत्तर '२४ तासांपर्यंतचा' असं आहे, कोणी ते मोठ्यानं म्हटलेलं नसलं तरी.

प्रश्न : आकडे द्यायला कोणीच तयार नसतं. युजर म्हणतात 'जेवढं फास्ट तेवढं चांगलं'. मग आकडा आणायचा कुठून?

उत्तर : 'किती हवं' असं विचारलं की उत्तर मिळत नाही. प्रश्न फिरवून विचारा. किती वेळ लागला तर तुम्ही हे सोडून पुन्हा कागदावर याल? किती लागला तर दुसऱ्याकडच्यापेक्षा हे बरं म्हणाल? किती झाला की आणखी कमी केलेला तुमच्या लक्षातही येणार नाही? लुंड विद्यापीठाच्या ब्यॉर्न रेग्नेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या क्युपर पद्धतीत हेच तीन टप्पे आहेत : उपयोगी, सरस आणि पुरे. पहिल्याच्या अलीकडे राहिलात तर माल विकला जात नाही, तिसऱ्याच्या पलीकडे गेलात तर पैसा वाया जातो.

त्याच पद्धतीतला दुसरा विचार आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो. गुणवत्ता वाढवण्याचा खर्च सरळ रेषेत चढत नाही, मध्ये उंबरे लागतात. ५ सेकंदांवरून २ वर यायला इंडेक्स आणि दोन क्वेरी सुधारणं पुरतं. २ वरून १ वर यायला कॅश (वारंवार लागणारा डेटा मेमरीत हाताशी ठेवणं) लागतो. १ वरून ०.३ वर यायचं तर डेटा वेगळ्या रचनेत ठेवावा लागतो, म्हणजे महिन्यांचं काम. हे उंबरे कुठे आहेत ते आर्किटेक्टकडून अंदाजानं का होईना लिहून घ्या आणि युजरच्या तीन टप्प्यांशेजारी मांडा. 'पुरे'चा टप्पा १.२ सेकंदांवर असेल तर तिसरा उंबरा ओलांडायचा प्रश्नच उरत नाही. आकडा ठरवताना उंबऱ्याच्या अगदी काठावरचा घेऊ नका. काठावरचा आकडा प्रत्येक नव्या फीचरबरोबर पलीकडे सरकतो.

सुरुवातीचा आधार दोन ठिकाणी सापडतो. एक, आजच्या सिस्टीमचं मोजमाप. नवी जुन्यापेक्षा मंद असेल तर आकडा काहीही असो, तक्रार येणारच. दुसरा, माणसाची स्वतःची मर्यादा. सुमारे ०.१ सेकंदात झालेलं माणसाला तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये अशा मर्यादा मांडल्या. तेव्हापासून मशिन्स हजारो पटींनी वेगवान झाली, पण माणूस तोच आहे.

लिहिताना एकच आकडा ठेवू नका. टॉम गिल्ब यांच्या प्लँगवेज या अटी लिहिण्याच्या पद्धतीची सवय लावून घ्या : मोजपट्टी काय, मोजायचं कसं, आज किती आहे, किमान किती हवं, आणि लक्ष्य किती. किमान आणि लक्ष्य यांच्यातलं अंतर हीच वाटाघाटीची जागा. एकच आकडा दिला की टीमला फक्त पास किंवा नापास एवढंच कळतं.

प्रश्न : आयएसओ २५०१० या सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या मानकातली सगळी गुणवैशिष्ट्यं प्रत्येक प्रोजेक्टमध्ये भरायची का?

उत्तर : नाही. २०११ च्या आवृत्तीत ८ होती, २०२३ च्या आवृत्तीत सेफ्टी वेगळी धरून ९ झाली. ती विसरलेलं काही नाही ना हे पाहण्यासाठी वाचायची. प्रत्येक चौकटीत काहीतरी लिहिलंच पाहिजे म्हणून लिहिलेल्या अटी कोणी तपासत नाही, आणि त्यांच्या गर्दीत खऱ्या तीन-चार अटी हरवतात. जे लागू नाही तिथे 'लागू नाही' आणि एका ओळीत कारण.

प्रश्न : 'कोड मेंटेनेबल असावा' हे कसं मोजणार? आमच्याकडे त्यासाठी ८० टक्के टेस्ट कव्हरेजची अट आहे.

उत्तर : कव्हरेज सांगतं की टेस्ट चालताना त्या ओळी चालल्या. त्या बरोबर चालल्या का, हे ते सांगत नाही. फंक्शन बोलवायचं, निकाल तपासायचाच नाही, अशा टेस्टनंही ८० टक्के गाठता येतात, आणि स्प्रिंटच्या (कामाच्या एका ठरावीक टप्प्याच्या) शेवटच्या दिवशी ते गाठले जातात. कव्हरेज ठेवायचंच असेल तर सोबत म्यूटेशन टेस्टिंग ठेवा. टूल कोडमध्ये मुद्दाम लहान चुका पेरतं, 'पेक्षा लहान'चं 'लहान किंवा समान' करतं, आणि एखादी टेस्ट तरी फेल होते का ते पाहतं.

पण मूळ प्रश्न वेगळा आहे. मेंटेनेबल म्हणजे कोणता बदल सोपा हवा? सगळे बदल सोपे असणारं डिझाइन नसतं. पुढच्या दोन वर्षांत खात्रीनं येणारे चार-पाच बदल प्रॉडक्ट ओनरकडून घ्या आणि प्रत्येकाची अट करा : 'नवी कुरिअर सेवा जोडायची झाल्यास, हे मॉड्यूल आधी न पाहिलेल्या डेव्हलपरला टेस्टसकट ५ कामाचे दिवस पुरले पाहिजेत. बदल शिपिंग मॉड्यूल आणि कॉन्फिगरेशन यांच्याबाहेर जाता कामा नये. डेटाबेसची रचना बदलता कामा नये.' प्रोजेक्टच्या मध्यावर असा एक बदल खरोखर करून बघा. किती फाइलींना हात लावावा लागला ते व्हर्जन कंट्रोलच सांगेल. त्या पाच दिवसांत नवख्या डेव्हलपरनं कोणाला किती वेळा विचारलं, हेही टिपून ठेवा. कोडमध्ये न लिहिलेलं ज्ञान तिथे सापडतं.

प्रश्न : 'दोन बिघाडांमध्ये सरासरी १,००० तास' अशी अट आहे. दोन आठवडे टेस्ट केली, एकही बिघाड नाही. अट पूर्ण झाली असं म्हणता येईल?

उत्तर : दोन आठवडे म्हणजे ३३६ तास. यावरून १,००० तास सिद्ध होत नाहीत. बिघाड यादृच्छिक धरले, तर ९५ टक्के खात्रीनं १,००० तास म्हणायला एकही बिघाड न होता त्याच्या तिप्पट, म्हणजे ३,००० तास चालवावं लागतं. एका मशिनवर १२५ दिवस. दहा मशिनवर साडेबारा दिवस, मात्र प्रत्येकीवर खऱ्यासारखा लोड हवा. मध्ये एक बिघाड झाला तर हा हिशेब लागू राहत नाही, तास वाढतात. वेळापत्रकात एवढे दिवस नसतील तर अट बदला, पण सिद्ध न होणारा आकडा ठेवू नका.

मशिन वाढवून वेळ वाचवण्यात एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. काही बिघाड एकाच मशिननं सलग दीर्घकाळ चालल्यावरच येतात. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. साडेबारा दिवसांच्या टेस्टमध्ये दहा काय, शंभर मशिन लावली तरी तो दिसणार नाही. म्हणून 'रीस्टार्ट न करता जास्तीत जास्त किती काळ चालेल' ही अट वेगळी लिहावी लागते, आणि टेस्टमध्ये काउंटर भरत आलेल्या आकड्यापासूनच सुरू करावा लागतो.

ही अट नीट न ठरल्यानं काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरानला झालेली, क्षेपणास्त्रं अडवणाऱ्या अमेरिकेच्या पेट्रियट यंत्रणेची चूक. वेळ ०.१ सेकंदाच्या पटीत मोजली जात होती, आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत तंतोतंत मावत नाही. प्रत्येक मोजणीतली चूक नगण्य. पण यंत्रणा १०० तास सलग चालू होती आणि तोवर घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदानं चुकलं होतं. इराककडून येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवलं गेलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणा इतका काळ सलग चालवली जाईल असं बनवताना धरलेलंच नव्हतं.

प्रश्न : आम्ही स्क्रमनं, म्हणजे छोट्या ठरावीक टप्प्यांत, काम करतो. युजर स्टोऱ्यांच्या (युजरच्या नजरेतून लिहिलेल्या छोट्या गरजांच्या) बॅकलॉगमध्ये, म्हणजे कामांच्या यादीत, या अटी ठेवायच्या कुठे?

उत्तर : तीन जागा आहेत. एकाच स्टोरीपुरती अट असेल, तर ती त्या स्टोरीच्या अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियात, म्हणजे ती स्वीकारण्याच्या निकषांत. प्रत्येक स्टोरीला लागू असेल, जसं मजकूर आणि पार्श्वभूमी यांचं कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १, तर डेफिनिशन ऑफ डनमध्ये, म्हणजे 'काम झालं' कधी म्हणायचं त्या यादीत. संपूर्ण सिस्टीमची असेल, जसं उपलब्धता, तर वेगळ्या यादीत, आणि ती पुरी करायला लागणारं काम बॅकलॉगमध्ये.

बिघडतं ते या तिसऱ्या प्रकारात. 'परफॉर्मन्स सुधारणे' अशी स्टोरी तयार होते आणि रिलीजच्या आधीच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जाते. त्यापेक्षा पहिल्या स्प्रिंटपासून दर रात्री एक छोटी लोड टेस्ट चालू द्या, पूर्ण लोडच्या दहाव्या हिश्श्यावर चालेल. आकडा कालच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त बिघडला तर बिल्ड लाल, म्हणजे नापास. दोन कोटी नोंदींचा डेटा तयार करायला वेळ लागतो, तो सुरुवातीलाच तयार करून त्याची प्रत ठेवा. एका दिवसाच्या बदलांत दोष शोधणं सोपं, सहा महिन्यांच्या बदलांत नाही.

प्रश्न : दोन अटी एकमेकींना छेद देत असतील तर? आमच्याकडे सिक्युरिटी टीम प्रत्येक विनंतीची डिजिटल सही तपासायला सांगते, परफॉर्मन्स टीमला त्यातले ४० मिलिसेकंद परत हवे आहेत.

उत्तर : निर्णय कोणताही घ्या, तो का घेतला आणि काय धरून घेतला, हे अटीला चिकटवून ठेवा. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, प्रज्वलनानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि नष्ट झालं. ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यामागची गुणवत्तेची अट कमी जणांना माहीत असते. रॉकेटची दिशा आणि हालचाल मोजणाऱ्या संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. म्हणून धोक्याच्या सात चलांपैकी (बदलत्या मूल्यांपैकी) चारांनाच संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही, कारण त्यांची मूल्यं एवढी वाढूच शकत नाहीत असा हिशेब होता. एरियन ४ या आधीच्या रॉकेटसाठी तो बरोबर होता. एरियन ५ चा आडवा वेग उड्डाणाच्या सुरुवातीलाच कितीतरी जास्त होता. चौकशी समितीला त्या निर्णयाचं कारण सोर्स कोडमध्ये कुठेच लिहिलेलं सापडलं नाही. कोड पुढच्या रॉकेटवर गेला, त्यामागचं गृहीतक मागेच राहिलं.

तुमच्या बाबतीत आधी ते ४० मिलिसेकंद कुठे जातात ते मोजा. सही तपासण्याचं गणित साधारणपणे एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर असतं. चाळीस लागत असतील तर बहुधा प्रत्येक वेळी सही तपासायला लागणारी सार्वजनिक किल्ली नेटवर्कवरून आणली जाते आहे. ती ५ मिनिटं मेमरीत ठेवली तर दोन्ही टीमचं भागेल. मग अटीखाली लिहा : 'किल्ली ५ मिनिटं कॅशमध्ये राहील. म्हणजे रद्द केलेली किल्ली जास्तीत जास्त ५ मिनिटं चालू राहू शकते. हे सिक्युरिटी टीमनं अमुक तारखेला मान्य केलं आहे. पैसे हलवणाऱ्या विनंत्या या सिस्टीममध्ये नाहीत, असं धरलं आहे. त्या आल्या तर ही अट पुन्हा तपासायची.' आणि या शेवटच्या वाक्याची एक प्रत कोडमध्ये, कॅशची वेळ जिथे ठरते त्या ओळीच्या अगदी वर, कॉमेंट म्हणून ठेवा.